सहा इंच खचलेलं आढं

शिडीकाकांना शिडीकाका हे नाव कुणी दिलं यावर त्यांच्या कचेरीत तीन मतं आहेत, आणि तिन्ही मतांची माणसं आपलंच खरं म्हणून चहा गार होईपर्यंत भांडतात. नाव मात्र चपखल. कचेरी विम्याची. कुणी घराचा विमा मागितला की काकांनी खांद्यावर शिडी टाकून त्या घरी जायचं, छपरावर चढायचं, कौलं बघायची, पन्हळी बघायच्या, आढं बघायचं, फोटो काढायचे आणि परत येऊन फॉर्म भरायचा. आढं म्हणजे छपराच्या दोन्ही बाजू माथ्यावर जिथे भेटतात ते लांब लाकूड. ते सरळ तर घर धड. ते खचलं तर घराने हाय खाल्ली म्हणून समजायचं. अठ्ठावीस वर्षं काका हेच करत आले. एका हातात चहाचा कप धरून त्यांना शिडी चढताना पाहिलेले लोक आहेत. एकदा सर्दीने बेजार असताना चढले आणि कौलांवर बसून खाली उभ्या घरमालकाकडे रुमाल मागितला, असंही सांगतात. यात तिखटमीठ किती ते सोडा, पण माणूस असा.

आणि असा हा माणूस गेले चौदा महिने शिडीच्या एकाही पायरीवर चढला नव्हता.

झालं होतं ते अगदी साधं. एका बैठ्या घराच्या भिंतीला शिडी लावून काका सकाळी सहाव्या पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. शिडी हलली नव्हती, वारा नव्हता, कुणी हाक मारली नव्हती. फक्त हात पायरीला चिकटले ते सुटेनात. गाल भिंतीला टेकवून काका अर्धा तास तसेच उभे. शेवटी एक टपालवाला त्या घराचं पत्र घेऊन आला आणि बघतच राहिला.

"काय बघताय एवढं भिंतीत?"

"भेग," काका डोळे मिटून म्हणाले.

"सापडली का?"

"नाही."

टपालवाला शहाणा माणूस. त्याने सायकल भिंतीला टेकवली, शिडी घट्ट धरली आणि म्हणाला, "आता डावा पाय. हां. आता उजवा. शाबास. आली जमीन." जमीन आली तरी काकांनी शिडी सोडली नाही. टपालवाल्याने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, म्हणे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. चौथी पायरी. तिसऱ्या दिवशी दुसरी. चौथ्या दिवशी शिडी नुसती खांद्यावर घेतली तरी तळहात ओले झाले.

आता असं कुणाचं झालं तर त्याने सरळ वरिष्ठांना सांगावं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता. "छपरावर चढून तपासले: होय / नाही." अठ्ठावीस वर्षांत "नाही"वर खूण झालेली कुणी पाहिली नव्हती. ज्याला चढता येत नाही त्याची जागा तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात. तिथे आधीच एक गृहस्थ बसत. एके काळी तेही पाहणीला जायचे, मग गुडघे गेले, तेव्हापासून सगळे त्यांना गुडघेवाले म्हणतात. खिडकी नाही, पंखा कुरकुरणारा, आणि दिवसभर जुन्या फायलींना नवे दोरे बांधायचे. काका जिन्यावरून जाताना गुडघेवाले दारातून डोकं बाहेर काढत आणि दररोज तेच विचारत, "काय शिडीकाका, कधी येताय आमच्यात? दुसरी खुर्ची पुसून ठेवलीय." थट्टाच ती. पण चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत काका तिला हसत असत, आणि मग हसणं बंद झालं.

तर काकांनी वाट काढली. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी पाहिलं होतं, गर्दीच्या डोक्यावरून फोटो काढायला एक जण कॅमेरा काठीवर लावून वर धरत होता. काकांच्या मनात आलं, काठी सहा फूट, हात वर केले की आणखी सहा फूट. कॅमेरा बारा फुटांवर. बैठ्या घराचं छप्पर तिथून सगळं दिसेल. पाय मात्र जमिनीवर.

कॅमेऱ्याचं दुकान कचेरीपासून दोनच गल्ल्यांवर. मालक एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर ठेवणारे, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. कचेरीच्या प्रमुख मॅडमचा कॅमेरा दुरुस्तीला तिथेच येतो, हे काकांना ठाऊक होतं. म्हणून चष्मेवाल्यांनी "काय टिपणार?" असं विचारल्यावर काकांच्या तोंडून भलतंच गेलं.

"पक्षी."

"वा! कोणते?"

"हे आपले... नेहमीचेच."

चष्मेवाले खूश झाले. त्यांनी काउंटरवर एक घडीची काठी ठेवली. "हा मोनोपॉड. एक पाय. काठी कोणतीही घ्या, सगळा जीव या वरच्या हेडात. काठी आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसतं ते हेड. कॅमेरा किती, कुठे आणि कसा वळेल ते यावर." त्यांनी दोन हेडं पुढे ठेवली. एकात लोखंडी गोळा होता, एक खिटी सैल केली की कॅमेरा चहूकडे फिरे. दुसरं अगदी साधं, बिजागरीसारखं, नुसतं वरखाली मान डोलावणारं.

"पक्ष्यांना हे गोळ्याचं घ्या," चष्मेवाले म्हणाले. "पक्षी काय, कुठूनही उडतो. तुमचा हात खिटीवर, डोळा कॅमेऱ्याला, तो जिकडे तुम्ही तिकडे. ते दुसरं नुसतं वरखाली. त्याने तुमचा पक्षी निघून जाईल."

काकांच्या छपराला पंख नव्हते. पण ते सांगायचं कसं? घेतलं गोळ्याचं.

घरी काकूंनी काठी बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काय आणलंत आता?"

"छंद," काका म्हणाले. एकदा पक्षी म्हटलं की पक्षीच म्हणावं लागतं. "पक्षी टिपायचे. या वयात काहीतरी छंद हवा, डॉक्टर सांगतात ना."

"कोणत्या डॉक्टरकडे गेला होतात तुम्ही? मला न सांगता?"

"टीव्हीवरचे."

काकू तशा भोळ्या नव्हेत. पण अठ्ठावीस वर्षं नवऱ्याने छपराखेरीज कशाकडे पाहिलं नव्हतं, तेव्हा पक्षी म्हटल्यावर त्यांना भरूनच आलं. दोन दिवसांत साऱ्या मजल्याला बातमी कळली. "आमच्या यांना पक्ष्यांचं फार वेड," काकू वरच्या वहिनींना सांगत. वहिनी विचारत, "मग दाखवा ना एखादा फोटो." काकू म्हणत, "ते अजून पुरे झाले नाहीत. एकदम दाखवणार आहेत." एकदम म्हणजे काय आणि पुरे म्हणजे किती, हे दोघींनाही माहीत नव्हतं. काका मात्र जिन्यात वहिनी दिसल्या की चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकत.

इतकं सोडलं तर वर्षभर सगळं सुरळीत चाललं. काका शिडी खांद्यावर टाकून जात, भिंतीला लावून ठेवत, लोकांनी बघावी म्हणून. मग मागच्या अंगणात जाऊन काठी काढत, गोळ्यावर कॅमेरा अंदाजाने खाली कलवत, खिटी आवळत, दोन्ही हातांनी काठीचं बूड डोक्यावर उचलत. बारा फुटांवर कॅमेरा आपोआप टिकटिक करी. कचेरीत फोटो बघून फॉर्म भरायचा आणि तळाशी "होय". प्रत्येक "होय"ला काकांच्या पोटात एक गोळा यायचा. कागद पुढच्या टेबलावर गेला की तो विरघळायचा. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. पण काकांना या गोळ्याची कधी झाली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग कचेरीने नवे कॅमेरे आणले. चांगले, मोठे, जुन्याच्या दुप्पट वजनाचे.

एका दुपारी काका टेबलाशी बसून नव्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो बघत होते. एका घराच्या छपरावर पाण्याची उघडी टाकी होती. फोटोत टाकीतलं पाणी दिसत होतं. काकांनी तो फोटो बघितला, पुढचा काढला, आणि हात थांबला. पुन्हा मागे आले.

टाकीतलं पाणी कललेलं होतं.

डावीकडे वर, उजवीकडे खाली. पाणी. काकांनी चष्मा पुसला. पाणी तसंच. जगातलं कुठलंही पाणी टाकीत असं तिरपं उभं राहत नाही. तिरपा होता तो कॅमेरा. वर गेल्यावर, त्या वजनाने, गोळा हळूच एका कुशीला सरकत होता. आणि फोटोत नुसतंच छप्पर भरलेलं असलं, दुसरं काही मोजायला नसलं, तर सरकलेला कॅमेरा आणि खचलेलं छप्पर यांत फरक कळायचा कसा?

नवे कॅमेरे येऊन किती दिवस झाले? सव्वीस. सव्वीस दिवसांत किती घरं? अठरा. त्यांतल्या सतराच्या फॉर्मवर आढं सरळ लिहिलं होतं; ती पुन्हा बघावी लागणार, पण त्यांतून कुणाचं लगेच वाईट व्हायचं नव्हतं. एका फॉर्मवर काकांच्या स्वतःच्या अक्षरात होतं: "आढं उजवीकडे सहा इंच खचलेलं. धोकादायक."

ते घर एका निवृत्त नर्सबाईंचं. एकट्या राहणाऱ्या. कचेरीतून त्यांना पत्र गेलं होतं: विमा नाकारण्यात येत आहे, घर धोकादायक असल्याची प्रत नगरपालिकेला पाठवली आहे, तिच्या नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत घर रिकामं करावं. त्यांतले नऊ दिवस झाले होते.

काका उठले ते बसेनात. पाणी प्यायले. पुन्हा पाणी प्यायले. मॅडमच्या केबिनच्या काचेपर्यंत गेले. आत मॅडम फोनवर बोलत होत्या, त्यांनी मानेने "काय?" असं विचारलं, आणि काकांनी मानेनेच "काही नाही" म्हणून सांगितलं. मग पायऱ्या उतरून थेट चष्मेवाल्यांच्या दुकानात.

"या या पक्षीमित्र!" चष्मेवाले म्हणाले. "दाखवा काय टिपलंत."

काकांनी कॅमेऱ्यात छपराचा फोटो दाखवला.

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, डोळ्यांवरचा वर नेला. "यात पक्षी कुठाय?"

"नाहीये," काका म्हणाले. "कधीच नव्हता." आणि काउंटरच्या अलीकडे उभं राहून, एका मुलीला पासपोर्ट फोटो मिळेपर्यंत थांबून, त्यांनी सगळं सांगून टाकलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सांगताना आवाज इतका लहान झाला की चष्मेवाल्यांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

ऐकून चष्मेवाले रागावले. पण कशावर, ते बघा. "अहो, मग हे हेड मी दिलंच नसतं तुम्हाला! पक्षीवाल्याची काठी जमिनीवर, त्याचा हात खिटीवर. तुमचा कॅमेरा बारा फुटांवर आणि हात खाली. तिथे वर चहूकडे फिरणारं हेड म्हणजे... काय म्हणावं आता! त्याला कुठल्याही बाजूला लवंडायची मुभा आहे, आणि धरायला कुणी नाही. खोटं बोलायचं तर निदान माझ्याशी नाही, काका. बायकोशी बोला, साहेबाशी बोला. मी हेडं विकतो!"

"बायकोशीही बोललोय," काका म्हणाले.

मग चष्मेवाल्यांनी फळीवरून चार हेडं काढली आणि काकांची परीक्षा सुरू झाली. एक मोठं दांड्याचं होतं, तीन खिट्यांचं. ते इतकं जड की काठी डोक्यावर उचलल्याबरोबर काकांच्या मनगटांनी नकार दिला. एक तेलातून फिरल्यासारखं मऊ चाले, सिनेमावाल्यांचं. काकांनी ते वर नेलं तर ते वरच्या वर आपलं मंद मंद मान टाकत गेलं. एक स्वस्त होतं, त्याच्या खिटीचा आटा आधीच घसरत होता. चष्मेवाल्यांनी छताचा पंखा बंद केला. वरच्या फळीवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली ठेवली. काकांनी प्रत्येक हेडावर कॅमेरा लावायचा, उचलायचा, फोटो काढायचा, आणि फोटोतलं पाणी बघायचं. गिऱ्हाइकं येऊन दारातच थांबली. एक बाई म्हणाल्या, "काही शूटिंग आहे का?" चष्मेवाले म्हणाले, "हो, बाटलीचं."

उरलं ते बिजागरीसारखं, नुसतं वरखाली होणारं. जे वर्षापूर्वी काउंटरवर शेजारीच पडलं होतं. काकांनी ते दहा वेळा वर नेलं. पाण्याची रेघ दहाही वेळा आडवी. अकराव्या वेळी काकांचा हातच थरथरला म्हणून थोडी कलली.

"ते तुमचं," चष्मेवाले म्हणाले. "हेडाचं नाही. हे कुशीवर वळूच शकत नाही, त्याला ते येतच नाही. आता काठी तेवढी उभी धरा. घराच्या कोपऱ्याच्या रेषेत धरलीत की झालं."

दुसऱ्या दिवशी काका नर्सबाईंच्या दारात उभे राहिले. दार उघडंच. आत पुस्तकांचे, भांड्यांचे, चादरींचे गठ्ठे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक गठ्ठा बँडेजच्या पट्टीने बांधलेला. गाठी अगदी वॉर्डातल्यासारख्या, एकसारख्या, चपट्या.

"विमा कंपनीतून आलोय."

"आता काय, गठ्ठ्यांचा विमा काढायचाय?" नर्सबाई कमरेत वाकून सुरीने पट्टी कापत होत्या. मग त्यांनी वर बघितलं. "तुम्ही ते काठीवाले ना?"

काकांनी काठी पाठीमागे नेली.

"मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते त्या दिवशी. शिडी पुढच्या भिंतीला आणि हा माणूस मागे काठी उचलून उभा. म्हटलं, आभाळाची जळमटं काढतोय की काय."

"मला पुन्हा एकदा बघायचंय," काका म्हणाले. "छप्पर."

"बघा. काठी आणलीय ना?"

काकांनी मागच्या अंगणात काठी लांब केली. कॅमेरा नव्या हेडावर बसवला, मान थोडी खाली घातली, खिटी आवळली, पुन्हा आवळली. घराच्या कोपऱ्याच्या रेषेशी काठी मिळवली आणि उचलली. नर्सबाई दारात हात पुसत उभ्या. टिकटिक. काकांनी काठी उतरवली, फोटो बघितला, बोटाने मोठा केला. आढं या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपट्टीने मारल्यासारखं सरळ. त्यांनी घराला चारही बाजूंनी फेरी मारली. अकरा फोटो. मग दोरी लावून दोन्ही टोकांच्या पन्हळींची जमिनीपासून उंची मोजली. दोन्हीकडे सारखी.

"काय?" नर्सबाईंनी विचारलं.

"सरळ आहे."

"मला माहीतच होतं. मग ते सहा इंच आले कुठून?"

"माझ्याकडून," काका म्हणाले, आणि पायरीवर बसले.

नर्सबाई आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. त्यांनी कागद बाहेर काढून वाचून दाखवला, सकाळच्या राउंडला तापमान सांगावं तशा कोरड्या आवाजात. "पाहणीस आलेले गृहस्थ छपरावर चढलेच नाहीत. मी प्रत्यक्ष पाहिले आहे. चौकशी व्हावी." कागद घडी घालून पुन्हा आत. "लिहिलंय आठ दिवसांपूर्वी. तिकीट लावलं नाही. तुमचं तोंड बघितलं होतं मी त्या दिवशी. चाळीस वर्षं तोंडंच बघत आले." त्या काकांच्या शेजारी बसल्या. "तुम्ही फॉर्म दुरुस्त करा, मी हे चुलीत घालते."

किती सोपं! काकांना क्षणभर खांद्यावरची शिडी उतरल्यासारखं वाटलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणी तो फॉर्म डोळ्यांपुढे आला. नवा फॉर्म म्हणजे नवी सही. तळाशी पुन्हा तोच रकाना. "होय." खोटं निस्तरायला खोटं. आणि बाकीच्या सतरा घरांचं काय, आणि त्याआधीच्या वर्षभराचं?

"चक्कर येते का वर?" नर्सबाईंनी विचारलं.

"चक्कर नाही. हात सुटत नाहीत."

"झोप?"

"नाही लागत नीट."

"कधीपासून?"

"चौदा महिने."

"अहो, चौदा महिने?" त्यांनी काकांच्या मनगटाला बोटं लावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मोजलं, आणि मोजून काही न सांगता हात परत मांडीवर ठेवला. "डॉक्टरांकडे जा आधी. माणसं हृदयाचं दुखणंही इतके दिवस अंगावर काढत नाहीत."

त्या संध्याकाळी काकांनी काकूंना सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग काकूंनी विचारलं, "म्हणजे पक्षी नाहीतच?"

"नाहीत."

"एकही नाही?"

"एक कबुतर आलंय एका फोटोत. चुकून."

"मी अख्ख्या मजल्याला सांगितलंय!" काकूंचे डोळे भरले. "वरच्या वहिनींना काय सांगू मी? नोकरीचं मेलं बघता येईल, माझी नोकरी आहे अजून, आपण काही उपाशी राहत नाही. पण वर्षभर मला पक्ष्यांवर झुलवलंत?" मग नाक पुसून म्हणाल्या, "नोकरी जाईल का हो?"

"जाईल. किंवा दप्तरखाना."

"तो गुडघेवाला तर हसून हसून मरेल."

"मरेल."

"मरू दे," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा भाजीला लागल्या. पण त्या संध्याकाळी निवडलेली भाजी त्यांनी दोनदा निवडली.

सकाळी काका मॅडमच्या केबिनमध्ये गेले. नवा फॉर्म, अकरा फोटो, दोरीची मापं. मॅडमनी फोटो बघितले, मापं बघितली. "बरं झालं वेळेत लक्षात आलं, काका. नगरपालिकेला मी आत्ताच कळवते. बाईंना फोन करा, सामान बांधलं असेल तर सोडा म्हणावं." त्यांनी सही करायला पेन उचललं आणि तळाशी बघून हसल्या. "हे बघा, घाईत चुकीच्या ठिकाणी खूण केलीत. 'नाही'वर." आणि अगदी मायेने, जुन्या माणसाची चूक आपण झाकावी तसं, त्यांनी स्वतःच "नाही"वरची खूण खोडायला पेन टेकवलं.

बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प उभं राहिलं असतं तरी काम झालं असतं. नर्सबाईंचं घर सुटत होतं, काकांची नोकरी सुटत नव्हती, आणि खोटं लिहिलं तेही मॅडमच्या हाताने. चौदा महिने काका ज्याची वाट बघत होते ते त्यांच्या पुढ्यात आपण होऊन आलं होतं. पेनाचं टोक कागदाला लागलं.

त्यांनी फॉर्मवर तळहात ठेवला. मॅडमचं पेन त्यांच्या बोटावर शाईची रेघ ओढून गेलं.

"चुकीची नाही ती खूण, मॅडम. मी चढलो नाही."

"या घरावर?"

"कुठल्याच. चौदा महिने."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. खूप वेळ लागला त्यांना टोपण लावायला. मग विचारलं, "किती घरं?"

"तीनशे बारा."

"तीनशे बारा," मॅडम म्हणाल्या. "तीनशे बारा वेळा 'होय' लिहिलंत?"

"लिहिलं."

त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या. रागावल्या, आणि चांगल्या रागावल्या. बाहेर टायपिंगवाली दोनदा उगाच दाराशी येऊन गेली, त्यामुळे सगळ्या कचेरीला काय झालं ते जेवणाच्या सुट्टीआधीच माहीत होतं. काकांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. नोकरी घालवायचा अधिकार मॅडमना होता. त्यांनी वरच्या कचेरीला फोन लावला, काकांना बाहेर बसवून. तो पाऊण तास काका बाकावर बसले होते. गुडघेवाले खालून दोन कप चहा घेऊन आले, एक काकांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

ठरलं ते असं. सहीचा अधिकार गेला. पगारातली एक पायरी गेली. दप्तरखान्यात खुर्ची लागली खरी, पण आधी तीनशे बारा छपरं पुन्हा तपासायची, दुसऱ्या माणसाने चढून. जिथे काकांचा फोटो आणि चढून बघितलेलं जुळेल ते घर सुटलं. जिथे जुळणार नाही तिथे चौकशी.

चढायला एक बाई आल्या, पूर्वी वीज कंपनीत खांबांवर काम करणाऱ्या. सगळे त्यांना खांबबाई म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडलं. पहिल्या घरी त्यांनी शिडी भिंतीला लावली, दोनदा हलवून बघितली, आणि काकांकडे वळल्या.

"धरणार ना?"

"धरतो."

त्या वर गेल्या. काकांनी दोन्ही हातांनी शिडीचे दांडे धरले. वर बघवेना, म्हणून त्यांनी भिंतीकडेच तोंड केलं. खिशात जुना फोटो होता, चौदा महिन्यांपूर्वीचा, पहिलाच. वरून पावलांचा आवाज, मग कौल सरकल्याचा, मग काहीच नाही.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "खचलंय का?"

"थांबा हो, आत्ता कुठे आले मी." मग आवाज आला, "धुराड्याच्या कडेला दोन कौलं फुटलीत. तुमच्या फोटोत आहेत का?"

काकांनी एक हात शिडीवरच ठेवला, दुसऱ्याने फोटो काढून बघितला.

"आहेत. दोन."

"आढं सरळ आहे."

"सरळ?"

"सरळ म्हटलं ना. लिहा तुम्ही."

"लिहायला हात मोकळा नाही," काका म्हणाले. "तुम्ही आधी उतरा."